वाचनालयाच्या विनंतीवरून

त्या वर्षी आमच्या घरातल्या रांजणावर आतून चुन्याच्या तीन रेघा होत्या. आईनेच ओढलेल्या. सकाळी पाणी पहिल्या रेघेशी असायचं, दुपारच्या जेवणापर्यंत दुसरीच्या खाली जायचं नाही, आणि दिवेलागणीला तिसरी उघडी पडली तर घरात कुणीतरी चुकलंय असं समजायचं. भांडी राखेने घासून फडक्याने पुसायची. हात परातीत धुवायचे आणि परातीतलं पाणी दारातल्या कढीपत्त्याला घालायचं. तांदूळ धुतलेल्या पाण्यात आई येसर कालवायची. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, त्याची झणझणीत आमटी होते. हिरवी भाजी बाजारातून गेलीच होती, तेव्हा भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी असा तो उन्हाळा आम्ही काढला. ईरा, निहार, माझ्या नातवंडांनो, तुम्ही इथे येता तेव्हा दात घासताना नळ सोडून ठेवता. मी मुकाट्याने उठून तो बंद करते आणि तुम्ही एकमेकांकडे बघून हसता. हसा खुशाल. पण हे प्रकरण वाचून झाल्यावर नळ कोण बंद करतं ते मी बघणार आहे.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. नांदेडला माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं होतं, बी.ए.सुद्धा इंग्रजी घेऊनच. तेवढ्यात लातूरचा वेगळा जिल्हा झाला, नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती, आणि महसूल खात्यातल्या माझ्या वडिलांची बदली झाली. आम्ही औशाच्या पुढे एका मोठ्या गावात भाड्याने घर घेतलं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या गोष्टीतल्या बायांच्या नातसुना आज तिथे नांदताहेत. नवा जिल्हा म्हणजे काय, तर सगळ्या पाट्यांवर ओला रंग. जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं लिहिलेलं, आणि उन्हात खालचं जुनं पुन्हा वर डोकावतंय. जीपगाड्या धुरळा उडवत यायच्या, साहेब उतरायचे, आटलेली विहीर बघायचे आणि परत जायचे.

बाबांकडे टंचाईचं काम होतं. कुठल्या वस्तीला टँकर कधी जाणार, याचा तक्ता ते घरी जमिनीवर बसून आखायचे. मोठा कागद, लाकडी पट्टी, लाल आणि निळी शाई. मला तो तक्ता फार आवडायचा. मी शेजारी बसून चौकोन मोजायचे. एवढा मोठा दुष्काळ पण इथे कसा चौकोनांत नीट बसलाय, असं वाटून मनाला बरं वाटायचं. ही माझी खोड तुम्हाला ठाऊक आहेच. माझ्या कपाटातल्या डब्यांना अजून चिठ्ठ्या असतात.

घरापासून हाकेच्या अंतरावर सार्वजनिक वाचनालय होतं. दोन खोल्या, पुढे लांबलचक व्हरांडा आणि अंगण. अंगण मोकळं म्हणून पलीकडच्या वस्तीचा टँकरही तिथेच उभा राहायचा. वाचनालय गुरुजी चालवायचे. शाळेतून निवृत्त झालेले, एकटेच होते. पांढरी टोपी, कोपरावर ठिगळ लावलेला सदरा, आणि पुस्तकांवरची धूळ झटकायला खांद्यावर पंचा. मी पहिल्या दिवशी इंग्रजी कादंबरी मागितली तर म्हणाले, "इंग्रजी एकच आहे, पोरी. तेही रेल्वेचं जुनं वेळापत्रक." मी ते घेऊन आले आणि वाचलं. आठ दिवसांनी परत केलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "हे जी वाचून परत करते, ती कुठलंही काम करील. बायांचा वर्ग घेतेस का?"

असा तो वर्ग सुरू झाला. खडी फोडायच्या कामावर जाणाऱ्या बाया पाण्याच्या रांगेत घागरी ठेवून व्हरांड्यात टेकायच्या. टँकर यायला तास-दीड तास असायचा. तेवढ्यात अक्षरं. मी पहिला शब्द शिकवला तो व्हरांड्याच्या वर लावलेल्या पाटीवरचा, 'वाचनालय'. कुठलं पुस्तक नको, मान वर केली की धडा समोर. सगळ्यांत पुढे बसायची ती सुगलाबाई. चाळिशीची, उंच, हाताला खडीचे घट्टे. पाटी-पेन्सिल ती कुदळ धरावी तशी मुठीत धरायची. तिला शिकवणं सोपं नव्हतं, कारण ती प्रत्येक अक्षराला जाब विचारायची.

"ताई, ह्या 'च'चं पोट हिकडंच का?"

"तसंच काढतात, मावशी."

"कोन काढतंय तसं? त्याला इचारलंव का कुनी?"

तिच्या शेजारी चंद्रभागा बसायची. नुकतं लग्न होऊन आलेली, सासूच्या धाकातली. ती हसताना पदर दातांत धरायची आणि सुगलाबाईच्या प्रत्येक प्रश्नाला हसायची.

वर्ग चांगला चालला होता, पण त्याच्या पायाखाली काही नव्हतं. सरकारी अनुदान यायचं ते वर्तमानपत्रांना आणि दिवाबत्तीला. साक्षरतेचा वर्ग त्यात बसत नव्हता. पाट्या मी नांदेडहून माझ्या जुन्या शाळेतून मागून आणलेल्या, फळा गुरुजींच्या घरचा, पुस्तकं तर नव्हतीच. त्यात वाचनालयाच्या कार्यकारिणीने ठरवलं की गुढीपाडव्यापर्यंत वर्गामागे कुठली संस्था उभी राहिली नाही, तर व्हरांडा जनावरांचा कडबा ठेवायला द्यायचा. मला राग आला, पण तेव्हाही कळत होतं की मागणं खोटं नाही. गावात जनावरं उभ्या उभ्या वाळत होती आणि कडबा ठेवायला छप्पर हवं होतं.

मग मी पत्रं लिहायला बसले. पंचवीस-तीस तरी लिहिली असतील. बाबांच्या ऑफिसातल्या टाइपरायटरवर सुट्टीच्या दिवशी, इंग्रजीत, समास सोडून. वर्गाचा हेतू, बायांची संख्या, तीन वर्षांत काय काय करणार. गुरुजींना मी संस्थेची नियमावली लिहायला लावली, सात सभासद जमवले, नोंदणीचे कागद घेऊन लातूरला खेटे घातले. त्या ऑफिसाला अजून दारं बसायची होती. बहुतेक पत्रांना उत्तर आलं नाही. काहींनी शुभेच्छा दिल्या. शेवटी लातूरच्या एका डाळमिलवाल्या घराण्याच्या ट्रस्टने कळवलं की विश्वस्त स्वतः येऊन वर्ग पाहतील. पसंत पडला तर तीन वर्षं पुस्तकं, कपाटं आणि शिकवणाऱ्या बाईचं मानधन देतील. दिवस त्यांनीच ठरवला होता. वेळ सकाळी दहा.

दहा वाजता टँकर यायचा.

तुम्ही टँकर आलेला पाहिलेला नाही, म्हणून सांगते. लांबून हॉर्न वाजला की व्हरांडा एका श्वासात रिकामा व्हायचा. पाट्या पडायच्या, पेन्सिली पायाखाली तुटायच्या, अर्ध्या वाक्यात मी एकटी फळ्यापाशी उरायचे. एरवी मला त्याचं काही वाटत नसे. पण विश्वस्त येऊन टेकलेत, मी 'कमळ' म्हणतेय आणि समोर मोकळी चटई, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आदल्या दिवशी टँकर आला तेव्हा गुरुजी पोस्टात गेले होते. टँकरबरोबर फेऱ्यांची एक वही असायची. टँकर आला की वाचनालयातर्फे कुणीतरी तीत वेळ लिहून सही करायची. हे काम गुरुजींचं. त्या दिवशी गफूरचाचांनी वही माझ्यापुढे केली. गफूरचाचा टँकरचे ड्रायव्हर, दाढी मेंदीने रंगवलेली, बोलणं थोडं.

मी वेळ लिहिली आणि खाली, सुवाच्य अक्षरात, आणखी एक ओळ लिहिली. 'वाचनालयाच्या विनंतीवरून उद्याची फेरी सकाळऐवजी दुपारी आणावी.' खाली सही केली. कॉलेजात घोटून घोटून बसवलेली माझी इंग्रजी सही, शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवलेली.

"दोपहर को?" चाचांनी विचारलं.

"एकच दिवस, चाचा. पाहुणे येणार आहेत."

त्यांनी सहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी टंचाईच्या कारकुनाची मुलगी होते. "ठीक है बेटी. तुम बोलती तो," म्हणाले आणि वही सीटखाली सरकवली. मी घरी आले ती खुशीत. तक्त्यातला एक चौकोन इकडचा तिकडे केला होता, बस.

विश्वस्त वेळेवर आले. दोघं होते, बोलत होते ते एकटे वयस्कर शेटजी. व्हरांडा भरगच्च होता. अंगणात घागरींची रांग होती आणि कुणी हलत नव्हतं. चंद्रभागेने धडा न अडखळता वाचला. सुगलाबाईने फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली, न सांगता, नवऱ्याचंही लिहिलं. शेटजी खूश झाले. गुरुजींनी वाचनालयाच्या माठातून त्यांना पेला भरून पाणी दिलं. मी बघत होते, आणि बायाही बघत होत्या. पाणी शेटजींच्या तोंडाकडे चाललेलं, मग अर्ध्यावर थांबलेलं, मग पेला खाली ठेवलेला.

"पाणी कुठून आणता तुम्ही बाया?" शेटजींनी आपुलकीने विचारलं.

"टँकरनं," सुगलाबाई म्हणाली. "आज आला न्हाई अजून."

"येईल, येईल," शेटजी म्हणाले.

ते गेल्यावर तो अर्धा पेला चंद्रभागेने उचलला, पदराआड धरून घरी नेला, आणि शेळीला पाजला, असं नंतर कळलं.

दुपारी टँकर आला नाही. चार वाजले, पाच वाजले, रांग तशीच. जिथे टँकर भरायचा त्या विहिरीवर तिसऱ्या प्रहरी वीज नव्हती, मोटर चाललीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भरून निघाला तर वाटेत टँकरचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, तुटला आणि सगळं पाणी रस्त्यात सोडून द्यावं लागलं. दोन दिवस. आमचंही पाणी त्याच टँकरचं; रांजणाची तिसरी रेघ उघडी पडली आणि आईने मला रात्रीच्या भाकरीबरोबर आमटी वाढली नाही, नुसती चटणी वाढली. आम्हाला तेवढंच. वस्तीतल्या बाया दोन कोसांवरच्या एका बारवेवर गेल्या. तिच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. चंद्रभागा भरल्या घागरीसकट घसरली आणि तिचा हात मोडला. डावा हात. "उजवा वाचला की," असं ती नंतर हसून म्हणायची. पण ते फार नंतर.

बाबांना मी त्या रात्री तक्त्याबद्दल विचारलं. आडूनच. सगळ्या फेऱ्या सकाळीच का असतात?

"सकाळी लाइट असते म्हणून," ते म्हणाले. "का गं?"

"सहज."

इतके महिने मी त्या तक्त्याशेजारी बसून चौकोन मोजले होते आणि ही एक गोष्ट विचारली नव्हती.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. रांगेत पहिली घागर सुगलाबाईची. तिने चाचांना फेरी का चुकली विचारलं. चाचा म्हणाले, "वही में लिखा है," आणि पाइप सोडायला मागे गेले. वही सीटवर उघडी पडलेली. सुगलाबाईने ती उचलली. मी व्हरांड्यात होते. ती वाचायला लागली, आणि पहिलाच शब्द तिला बोट न ठेवता आला, कारण तो तिला पाठ होता. तो तर पाटीवरचा. "वाचनालयाच्या." मग हळूहळू, "वि. नं. ती." रांगेतल्या बाया जवळ सरकल्या. ती ओळ तिने पुरी केली. मी शिकवलेल्या धड्याबाहेरचं, आयुष्यातलं पहिलं वाक्य तिने माझ्यासमोर वाचलं, आणि ते माझं होतं.

"खाली इंचू काढल्यावानी कायतरी हाय," ती म्हणाली. "ही सही का?"

वहीत रोज सही गुरुजींची. सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी दारात उभे होते. त्यांनी पुढे येऊन वही हातात घेतली, चष्मा वर करून ती ओळ पाहिली, मग सही पाहिली. त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो," ते म्हणाले. "वाचनालयाने विनंती केली होती. चूक झाली. माफी मागतो."

"पाव्हन्यापुढं आमाला बसवायला पानी आडवलंव?" सुगलाबाईचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "आन् ही पोरगी हात मोडून बसली. काय बोलालाव गुरुजी, चूक झाली म्हनं!"

मी तिथे होते. चार पावलांवर. तोंड उघडलं असतं तर शब्द ऐकू गेला असता. मी फळा पुसत होते. फळ्यावर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून वर्गाला कुणी आलं नाही. घागरी रांगेत लागायच्या आणि बाया त्यांच्याशेजारी उन्हात बसायच्या, व्हरांड्याकडे पाठ करून. आठवड्याने ट्रस्टचं पत्र आलं. मंजुरी होती, तीन वर्षांची. एकच अट, दरमहा बायांची उपस्थिती त्यांच्याच सह्यांनिशी कळवायची. ज्या पत्रासाठी मी चार महिने झुरले होते ते पत्र मी व्हरांड्यातल्या मोकळ्या चटईवर बसून वाचलं. पाडवा नऊ दिवसांवर होता.

गुरुजी म्हणाले, मी घरोघरी जातो. मी बरोबर गेले. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात. त्या दुष्काळातही विचारायचे. पेला अर्धा असेल, पाव असेल, गुळाचा खडा नसेल, पण 'पानी घ्या' म्हटल्याशिवाय बोलणं सुरू होत नसे. त्या दिवशी आम्ही अकरा घरी गेलो. अकराही दारांत गुरुजी टोपी काढून उभे राहिले. बाया बोलल्या, उत्तरं दिली, एकीने पाटही दिला. पाणी कुणी विचारलं नाही. टळटळीत ऊन होतं. सुगलाबाईच्या दारात गुरुजींना ठसका लागला. ते खोकत राहिले, ती चौकटीला टेकून बघत राहिली. तिच्या मागे घागर दिसत होती. तिने एकदा वळून तिकडे पाहिलं, पण ती आत गेली नाही.

परत येताना मी म्हणाले, "गुरुजी, तुम्ही का घेतलंत स्वतःवर?"

"शेपटी पाहिली सहीची," ते म्हणाले. "माझ्यावरचा राग बाया विसरतील गं. म्हातारा आहे मी, किती दिवस रागावतील? पण शिकवणारणीवरचा विश्वास गेला तर वर्गच गेला."

"तो आत्ताही गेलाच आहे."

घरी पोचेपर्यंत ते तीनदा थांबले. तिसऱ्या वेळी कडुलिंबाच्या बुंध्याला हात टेकून उभे राहिले, तेव्हा मी ठरवलं. शूरपणाने ठरवलं असं समजू नका. मला त्यांच्या घशातला तो आवाज सहन होईना, एवढंच.

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला.

"ती वही सरकारी आहे," ते म्हणाले.

"हो."

"कारकुनाच्या मुलीने फेरी बदलली. मला लेखी खुलासा मागतील."

आई म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या की आता. पानी तर आलं. कशाला उकरायचं?"

बाबांनी तुकडा ताटात ठेवला, पाण्याचा तांब्या उचलला, किती आहे ते पाहिलं आणि न पिता खाली ठेवला. "खुलासा मी लिहीन," ते म्हणाले. "तू तुझं लिही."

पुढे ट्रस्टचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, नाहीतर निहार मध्येच विचारेल. मी त्यांना खरं काय ते कळवलं, या वेळी मराठीत. त्यांचं उत्तर कोरडं होतं. तीन वर्षांची मंजुरी एका वर्षावर आली, आणि पुढची भेट न कळवता होईल म्हणाले. शेटजी आले ते नेमके टँकर आलेला असताना. व्हरांड्यात कुणी नव्हतं, अर्ध्या भागात कडबा रचलेला होता. तडजोड तशीच झाली होती, आणि बाया पेंढ्यांना टेकून वाचायला शिकल्या. शेटजी पायरीवर बसून राहिले. तासाभराने बाया पाणी पोचवून परत आल्या, पाट्या उचलून बसल्या. मग ते काही न विचारता गेले आणि उरलेली दोन वर्षंही मंजूर झाली. तुमच्या तिकडच्या लायब्ररीत भिंतीवर देणगीदारांची नावं आहेत, त्याचा फोटो ईराने पाठवला होता. आमच्याकडे तशी पाटी नव्हती. शेटजींनी नको सांगितलं. का, ते मी कधी विचारलं नाही. बाबांना मेमो मिळाला, तो त्यांनी फाइल करून ठेवला, क्रमांक घालून.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मी रांगेपाशी गेले तेव्हा यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. पाडवा आठ दिवसांवर. टँकर नुकताच येऊन थांबलेला. चाचा पाइप हातात घेऊन उभे. चंद्रभागा गळ्यात हात अडकवून सासूच्या मागे. मी सुगलाबाईसमोर जाऊन उभी राहिले.

"मावशी, मला सांगायचंय..."

"बोलू नगा," ती म्हणाली. "बोलायला तुमाला येतंयच. गुरुजीबी लई चांगलं बोलतेत."

मी चाचांकडे हात केला. त्यांनी वही दिली. टँकरच्या तापलेल्या पत्र्यावर ती टेकवून मी त्या जुन्या ओळीच्या खाली लिहिलं. जितकं सोपं येईल तितकं सोपं, मोठ्या अक्षरांत. 'ही विनंती गुरुजींनी केली नाही. वर्ग भरलेला दिसावा म्हणून मी केली. कुणाला विचारलं नाही. पाणी माझ्यामुळे आलं नाही. त्या दिवशी मी गप्प बसले.' सही केली आणि वही सुगलाबाईच्या हातात दिली.

ती वाचायला लागली. मोठ्याने, बोट ठेवून. तुम्हाला पाच वाक्यं वाचायला किती वेळ लागतो? तिला टँकर रिकामा होऊन निघून जाईल इतका वेळ लागला, असं मला वाटलं. 'विनंती' आता तिला येत होता. 'भरलेला'पाशी ती अडली. रांगेतून कुणी सांगितलं नाही, मला सांगता येत नव्हतं. ती मागे गेली, पुन्हा आली, 'भ'चा गळा पकडला आणि ओढून काढला. 'माझ्यामुळे' वाचताना तिचा आवाज सपाट होता. शेवटचं वाक्य संपल्यावर तिने वर पाहिलं नाही. ती खाली सहीकडे बघत होती.

गुरुजी पायरीवर बसले होते. चंद्रभागेची सासू रांगेतून बाहेर पडली, चाचांच्या पाइपाखाली तांब्या धरला आणि तो त्यांना नेऊन दिला. "घ्या," एवढंच म्हणाली. गुरुजींनी दोन्ही हातांनी धरला. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मला त्या वस्तीत पाणी विचारलं ते श्रावणात.

"हे काय हाय?" सुगलाबाईने सहीवर बोट ठेवलं. "परत त्योच इंचू."

"माझं नाव आहे, मावशी. इंग्रजीत."

"आमाला कसं कळावं? उद्या तू म्हनशील, हे माजं न्हाईच." पहिल्यांदाच ती मला 'तू' म्हणाली. "आमाला वाचता यील असं लिव्ह."

मी ती सही खोडली आणि शेजारी लिहिलं. तिने बोट सरकवलं.

"सु. नं. दा." मग जोडाक्षरावर बोट अडलं. ओठ हलत होते. "त्... त्र... त्र्यं... ब. क." घाम पुसला. "बापाचं नाव लई अवघड हाय गं तुज्या."

चंद्रभागेने चांगल्या हाताने पदर दातांत धरला.

आज बँकेत, पासपोर्टच्या अर्जावर, तुमच्याकडे यायच्या कागदांवर मी तीच सही करते. तुमची आई वैतागते. अख्खं नाव, मराठीत, शाळकरी मुलीसारखं सुटं सुटं काढलेलं.

सुगलाबाईने वही मिटून चाचांना दिली. मग मला हाताने बाजूला केलं, ढकललं नाही, नुसतं बाजूला केलं.

"सर तिकडं," म्हणाली. "पानी सुटलंय."